मास्कआडचा भोंगा

मासळी बाजार, लिलावाचा ओटा
दि. ५ मार्च

ती. अक्काच्या चरणी भोंग्याचा साष्टांग नमस्कार, वि. वि. (नमस्कार लांबूनच आणि मास्क लावून घातला आहे, हे मेट्रनबाईंना मुद्दाम वाचून दाखव.)

अक्का, आधी माफी मागतो, मग बाकीचं. काल मी तुझ्या खोलीत पाऊल टाकलं आणि धड खुर्चीला टेकायच्या आत बाहेर काढला गेलो. खरं तर शहाण्यासारखं वागायचं असं घरून ठरवून आलो होतो. हात धुतले, गाऊन घातला, त्यांनी दिलेला निळा मास्क लावला. पण तुला खाटेवर बसलेली पाहिली, डोक्यावर केस नाहीत, हात काडीसारखे, डोळे मात्र तेच, वटारलेले, आणि माझा ताबाच सुटला. मागच्या रांगेतल्या गिऱ्हाइकाला हाक मारावी तशी तुला हाक मारली गेली. तोंड उघडलं तसा मास्क दाढीवरून सरकला आणि नाक उघडं पडलं. पुढचं तू पाहिलंसच. बाजारात मला कोपराला धरून बाहेर काढणारा अजून जन्माला यायचाय, पण तुझ्या मेट्रनबाईंनी ते दोन बोटांत केलं.

बाहेर त्यांनी माझी चांगली हजेरी घेतली. म्हणाल्या, तुमच्या बहिणीच्या अंगात सध्या साध्या सर्दीशी लढायचीही ताकद नाही, तुम्हाला जे चार शिंकांत संपेल ते तिच्या जिवावर बेतेल. मास्क जागेवर आणि आवाज तोंडात ठेवता येईल तेव्हाच या, तोवर येऊ नका. मी मान खाली घालून ऐकलं. पण अन्याय बघ अक्का. माझ्या हाडांतला माल काढून तुझ्या अंगात भरला, त्याला आत मुक्काम करायला कुणाची हरकत नाही, आणि मालाचा मालक मात्र दाराबाहेर!

फोन करत नाही. मागच्या वेळी केला तेव्हा तू फोन उशीखाली ठेवून माझ्याशी बोललीस, हे मला नर्सनं सांगितलंय. म्हणून पत्र लिहितोय. कागदावर मी शेजाऱ्यांना ऐकू जात नाही.

आता माझा बेत ऐक. आपली मुंगी प्रयोगशाळेत नक्की काय करते, हे मला इतकी वर्षं नीट माहीतच नव्हतं. कुणी विचारलं की मास्कच्या कारखान्यात मोठी साहेबीण आहे असं ठोकून द्यायचो. काल कळलं, की माणसाच्या तोंडातून काय काय उडतं आणि मास्क त्यातलं किती अडवतो, हेच ती दिवसभर तपासते. म्हणजे घरात विहीर आणि मी तहानलेला! तिच्याकडून माझी तपासणी करून घेतो आणि तिच्या सहीचा कागद मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवतो. पोटची पोर आहे, बापाला नापास थोडीच करेल?

बाकी बाजार ठीक. बर्फाचं यंत्र पुन्हा रुसलंय. तुझी वहिनी तुझी आठवण काढते आणि मला बोल लावते. पत्राचं उत्तर दे. लोभ आहेच, माझ्या आवाजामुळे तो कमी करू नये, ही विनंती.

तुझा आगाऊ भाऊ,
भोंगा


वॉर्ड, शेवटची खोली
दि. ९ मार्च

चि. भोंगा यास अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्यासोबत एक कानपिचकी.

पत्र पोचलं. नर्सनं ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं, त्यामुळे माशांचा वास बाहेरच राहिला. तुझं अक्षरही तुझ्यासारखंच आहे, ओळ सोडून चाललेलं.

मी बरी आहे. भूक लागत नाही, पण चव थोडी परत आली आहे. खोलीत एक खाट, एक खुर्ची, खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची आणि तिच्यावर वाळत घातलेल्या चादरी. छताजवळ हवा गाळणारं यंत्र चोवीस तास गुणगुणत असतं. त्याचा सूर किंचित उतरलेला आहे. जन्मभर लोकांचे पियानो सुरात लावत फिरले आणि आता हा उतरलेला सूर उशाशी घेऊन झोपायचं. स्टूल घेऊन वर चढावं आणि एकदाचं त्याला पिळून सरळ करावं असं रोज मनात येतं. मेट्रनबाईंना हे बोलले, तर त्यांनी स्टूलच खोलीबाहेर नेऊन ठेवलं.

आता तुझ्याबद्दल. डॉक्टर म्हणतात, तुझ्या पेशी माझ्यात रुजायला लागल्या आहेत, पण अजून बिऱ्हाड थाटलेलं नाही. हे दिवस नाजूक आहेत. त्या दिवशी तू हाक मारलीस तेव्हा मला आधी आनंद झाला आणि लगेच भीती वाटली. सख्ख्या भावाच्या श्वासाची भीती वाटावी, हे मला फार लागलं. तू गेल्यावर बराच वेळ मी भिंतीकडे तोंड करून पडून होते.

मला तू हवा आहेस, भोंग्या. इथे सगळे चांगले आहेत, पण सगळे माझ्याशी कामापुरतं बोलतात. कुणीतरी येऊन बिनकामाचं बोलावं असं फार वाटतं, आणि बिनकामाचं बोलण्यात तुझा हात धरणारा कुणी नाही. पण ये तो रीतसर ये. मुंगीवर बाप म्हणून दडपण आणू नकोस. ती पोर भिडस्त आहे, आणि तुझ्यापुढे तर तिचा आवाज आधीच चिमटीत मावतो.

वहिनीला आशीर्वाद. दाढीला कंगवा लाव. माया आहे तेवढीच राहील, शिस्त मात्र वाढवणार आहे.

तुझी अक्का


प्रयोगशाळा, दुसरा मजला
दि. १६ मार्च

ती. आत्याला मुंगीचा वाकून नमस्कार, वि. वि.

तुझी तब्येत मला बाबांकडून कळते, म्हणजे अख्ख्या गल्लीलाच कळते. चव परत आल्याचं ऐकून समोरच्या वाण्यानेही आनंद व्यक्त केला.

बाबांची तपासणी झाली. तुला सगळं नीट सांगते, कारण मला तुझा सल्ला हवा आहे. आमच्याकडे एक लहान खोली आहे. तिच्यातली हवा गाळून गाळून इतकी स्वच्छ केलेली असते की धुळीचा कण सापडू नये. मधोमध टेबलावर एक काळी पेटी. पेटीच्या आत लेसरचा हिरवा प्रकाश पातळ पडद्यासारखा सोडलेला असतो. माणसानं पेटीच्या भोकाशी तोंड आणायचं आणि ठरलेला उतारा वाचायचा. बोलताना तोंडातून जे बारीक थेंब उडतात, ते प्रकाशातून जाताना चमकतात आणि कॅमेरा ते मोजतो. बंद खोलीत उन्हाची तिरीप आली की धूळ दिसते ना, तसंच. फक्त ही धूळ आपल्या आतली असते.

आधी मास्क न लावता वाचायचं असतं. साधा माणूस बेताच्या आवाजात वाचतो तेव्हा पडद्यावर तुरळक ठिपके दिसतात. बाबांनी उतारा हातात घेतला, पाय फाकवून उभे राहिले, आणि कोळंबीची टोपली विकायला काढावी तसा वाचला. पडदा हिरवागार झाला. माझ्या सहकाऱ्याला वाटलं कॅमेराच बिघडला, म्हणून त्यानं सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. काही माणसं मुळातच इतरांपेक्षा जास्त कण सोडतात, ते का हे अजून नीट कळलेलं नाही, आणि आवाज चढवला की प्रत्येकाचेच वाढतात. बाबांच्या बाबतीत दोन्ही एकत्र आलंय. आजवरच्या सगळ्यांत तुम्ही पहिले, असं सांगितल्यावर त्यांनी प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाशी हात मिळवला.

मग मास्क. बाबांनी दुकानातला सगळ्यात महागडा आणला होता, समोर प्लास्टिकचं छोटं झाकण असलेला. श्वास सोपा जातो म्हणून ते त्यावर खूश होते. पण ते झाकण श्वास सोडताना उघडतं. म्हणजे घालणाऱ्याचं रक्षण होतं, समोरच्याच्या वाट्याला सगळं येतं. पेटीत झाकणातून सरळ पिचकारी निघताना दिसली. बाबांनी तो मास्क काढून खिशात घातला आणि दुकानदाराचा उद्धार केला.

नंतर आईनं जुन्या फ्लॅनेलच्या शर्टाचा शिवलेला मास्क. आत्या, या वेळी भलतंच झालं. मास्क लावल्यावर ठिपके कमी होण्याऐवजी वाढले! बाबांनी उतारा खाली ठेवला. त्यांना वाटलं आपल्या आत काहीतरी भयंकर आहे, जे आईच्या शिवणीलाही आवरत नाही. शेवटी मी तो मास्क त्यांच्या तोंडावरून काढला आणि पेटीजवळ नुसता हातानं चोळला. तरी ठिपके येतच राहिले. ते बाबांचे नव्हतेच, जुन्या कापडाची लव सुटत होती. बाबांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी ती बातमी आईला तिथूनच, फोनशिवाय, सांगायचा प्रयत्न केला.

उरला वॉर्डातला निळा मास्क. कापडाचा मधला भाग आपलं काम चोख करतो, समोरून अगदी थोडं निसटतं. पण बाबा ओरडून वाचतात, जबडा वरखाली होतो, मास्क सरकतो, आणि दाढीमुळे गालांशी फट राहते. मग नाकाच्या बाजूनं आणि गालांवरून ठिपक्यांच्या रांगा निघतात. शेवटी आकडे मांडले तर असं दिसलं, की मास्क लावून ओरडणारे बाबा आणि मास्क न लावता हळू बोलणारा साधा माणूस, दोघं जवळपास सारखेच. मास्कनं कमावलं ते सगळं बाबांनी उधळलं.

तपासणीनंतर ते सहीसाठी थांबले होते. मी सही केली नाही, आणि नाही असंही म्हणाले नाही. आकडे पुन्हा पाहायचे आहेत असं सांगून घरी पाठवलं. आता ते रोज बाजारातून आल्यावर माझ्याकडे नुसते बघतात. विचारत नाहीत. बाबा विचारत नाहीत हे मला सहन होत नाही. मी काय करू?

तुझ्या आशीर्वादाची वाट पाहणारी,
तुझी मुंगी


वॉर्ड, शेवटची खोली
दि. २० मार्च

चि. मुंगीस आशीर्वाद, आणि एक पापा, तोही हवेतूनच.

पत्र वाचून इतकी हसले की नर्स धावत आली. पण शेवट वाचून हसू मावळलं. मुंगे, सही करू नकोस. माझ्यासाठी तर नकोच, आणि त्याच्यासाठी मुळीच नको. समज, तू सही केलीस, तो आला, मला काही झालं, तर तो भोंगा पुन्हा तोंड उघडणार नाही. जन्मभर स्वतःला दोष देत बसेल. ते मला नको आहे.

पियानो बघायला गेलं की घरचे लोक नेहमी म्हणतात, थोडं इकडेतिकडे असलं तर चालवून घ्या. नवीन होते तेव्हा मी चालवून घ्यायचे. मग त्या घरातली मुलं वर्षभर बेसूर ऐकायची. आताशा मी स्पष्ट सांगते, आणि लोक थोडा वेळ फुगून बसतात, एवढंच. तुझा बापही फुगेल, न जेवता उठेल, मग स्वयंपाकघरात जाऊन उभ्यानं खाईल, आणि दुसऱ्या दिवशी ठीक होईल. मी त्याला ओळखते.

त्याला खरं सांग आणि दुसरी संधीही दे. दाढी काढून, मास्क नीट बसवून, हळू बोलून बघा. मला मात्र त्याच्या हळू बोलण्याची फारशी आशा नाही. लहानपणी लपाछपी खेळताना तो लपायचा छान, पण शोधायला वेळ लागला की कंटाळून आपली जागा स्वतःच ओरडून सांगायचा. असा माणूस आहे. तरी कर प्रयत्न. वाट बघायला मी आहे, आणि आता तर डॉक्टरही म्हणतात की बराच काळ असणार आहे.

खंबीर राहा. तुझ्यावर माझा लोभ तुझ्या बापाच्या आवाजाइतका आहे, यावरून काय ते समज.

तुझी आत्या


मासळी बाजार, ओट्यामागची खोली
दि. २९ मार्च

ती. अक्काला भोंग्याचा अतिशय हळू आवाजात नमस्कार, वि. वि.

नापास झालो. तुला कळलंच असेल. जेवताना मुंगीनं सांगितलं, तेही तिच्या त्या एवढ्याशा आवाजात, पण एकदाही खाली न बघता. मी ताटावरून उठलो. (नंतर स्वयंपाकघरात काय झालं ते तुझ्या वहिनीनं सांगितलं असेल तर विश्वास ठेवू नकोस.) पण खरं सांगू? राग आला तो घटकाभर. मग मनात आलं, ही पोर माझ्या गळ्यासमोर उभी राहून नाही म्हणाली. आपल्या घराण्यात हे आजवर कुणाला जमलं होतं? छाती भरून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी उडवली. पस्तीस वर्षांची दाढी, अक्का! न्हाव्यानं तीनदा विचारलं. बाजारात आलो तर वजनकाट्यावरच्या माणसानं मला अडवून विचारलं, आपल्याला कोण हवंय. तोंड उघडल्यावर ओळख पटली. तुझी वहिनी म्हणते, हनुवटी अगदीच लहान आहे, हे लग्नाआधी दिसायला हवं होतं.

आवाजानं मात्र नाकी नऊ आणले. आधी मला वाटलं कुजबुजायचं असतं. तसं बोललो तर घसा खवखवायचा आणि खोकला यायचा. मुंगी म्हणाली, बाबा, फुसफुसू नका, आपला आवाजच फक्त खाली आणा. पण माझा आवाज खाली येतो कुठे? मधे पायऱ्याच नाहीत, एक तर गच्चीवर नाहीतर बंद. शेवटी युक्ती सापडली. बर्फाच्या पेट्यांवर एक जाडं मांजर झोपतं. मी त्याच्या शेजारी बसून त्याच्याशी बोलायला लागलो. त्याचा कान हलला की मी नापास. पहिले काही दिवस ते मला बघताच उठून जायचं. परवा मी त्याला आख्ख्या बाजाराची हकीकत सांगितली आणि ते घोरत राहिलं. मला इतका आनंद झाला की मी ओरडलो, आणि ते आता मासळीच्या गाडीखाली राहायला गेलंय.

ओट्यावरही करून पाहिलं. सुरमईचा ढीग समोर, आणि मी हळू आवाजात बोली सुरू केली. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना वाटलं माल शिळा आहे, म्हणून भोंगा आवाज काढत नाही. एकानं तर वाकून माशाचे कल्ले तपासले. नाइलाजानं पुन्हा गच्चीवर गेलो, तेव्हा कुठे बोली लागली. म्हणून आता धंद्याला एक आवाज आणि अक्काला एक आवाज, असं ठरवलंय. घरी दुसराच वापरतो. परवा शेजारी दार वाजवून विचारायला आले, सगळं ठीक आहे ना, दोन दिवस तुमच्याकडून काही ऐकू आलं नाही.

मुंगीनं पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय. अक्का, मला भीती वाटते. पास व्हायचं म्हणून नाही. मास्क सुटला, आवाज सुटला आणि तुला काही झालं, तर मी काय करू, याची. पहिल्यांदा आलो तेव्हा हे डोक्यातच आलं नव्हतं. आता रोज येतं.

माझ्यावर विश्वास असू दे, निदान मांजराइतका.

तुझा बिनदाढीचा,
भोंगा


प्रयोगशाळा, दुसरा मजला
दि. ६ एप्रिल

ती. आत्याला नमस्कार, वि. वि. आणि गोड बातमी!

बाबा आले, गुळगुळीत गालांनी. मी वॉर्डातले डॉक्टर वापरतात तो जास्त घट्ट बसणारा मास्क मागवून ठेवला होता. नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबून बसवली, गालांवरून बोट फिरवून फट आहे का ते पाहिलं. मग त्यांनी उतारा घेतला. या वेळी पाय फाकवले नाहीत. वाचायच्या आधी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

आत्या, पडदा काळा होता. एखादा ठिपका उगवायचा आणि विझायचा. माझ्या सहकाऱ्याला पुन्हा वाटलं, कॅमेरा बिघडला. मी मोजत होते आणि माझेच डोळे भरून येत होते, त्यामुळे एक मोजणी दुसऱ्याला करायला सांगावी लागली. शेवटी बाबांनी हळूच विचारलं, की झालं का, की आणखी हळू वाचू. त्यांना अजून खाली जाता येतं, हे त्यांचं त्यांनाही नवीन होतं.

मी मेट्रनबाईंना कळवलं आहे आणि जे आहे तेच कळवलं आहे. ठिपके फार कमी झाले, पण शून्य झाले नाहीत. कुठलाच मास्क शून्य करत नाही. म्हणून मास्क नीट बसलेला, आवाज खाली, खुर्ची दाराशी, भेट आटोपशीर, आणि बाबांना जराही सर्दी वाटली तर भेट रद्द. मेट्रनबाईंनी मला फोन करून खोदून खोदून विचारलं, आणि शेवटी म्हणाल्या की तू शून्य लिहिलं असतंस तर मी परवानगी दिली नसती. तुझ्या डॉक्टरांचंही ठीक आहे म्हणे. रविवारी दुपारी बाबा येतील!

आई विचारते, हनुवटीबद्दल तू काय म्हणशील. तुझा जीव सांभाळ, आमचा त्यातच आहे.

तुझी मुंगी


घरून
दि. ११ एप्रिल

ती. अक्कास सा. न. वि. वि.

अक्का, कालपासून माझं कशात लक्ष नाही. काय चुकलं ते मला सरळ सांग.

मी दाराशीच बसलो होतो ना? मास्क एकदाही हलला नाही, मी सारखा नाकावर बोट लावून बघत होतो. आवाज तर इतका खाली होता की मेट्रनबाईंनी दोनदा मान आत घालून मी बोलतोय की नाही ते पाहिलं. सुरुवात किती छान झाली. हनुवटीकडे बघून तू तोंडावर चादर ओढून हसलीस. मग मी तुझ्या त्या फिक्या सूपचा लिलाव पुकारला, हळू आवाजात, आणि तू एक चमचा औषधापासून बोली सुरू केलीस, ती मेट्रनबाईंच्या स्टुलापर्यंत नेलीस. मला वाटलं, चला, जिंकलो.

पुढे मी विशेष काही बोललोही नाही. दमली असशील, थोडं पड, खिडकीचा पडदा ओढू का, असंच काहीतरी. आणि तू माझ्याकडे अशी बघायला लागलीस की मी ओळखीचाच नाही. मग मान फिरवलीस आणि रडायला लागलीस. तुला इतकं रडताना मी कधी पाहिलं नाही, आजाराचं कळलं तेव्हासुद्धा नाही. मला वाटलं तुला त्रास होतोय, माझ्यामुळे काहीतरी झालं. म्हणून उठून पळत बाहेर आलो. निरोपसुद्धा घेतला नाही.

मुंगीला विचारलं. ती म्हणते, आकडे चोख होते, तुमच्यामुळे काही झालेलं नाही. मेट्रनबाई म्हणतात, ताप नाही, सगळं ठीक आहे, तुम्ही तुमच्या बहिणीलाच विचारा. म्हणून विचारतोय. माझं येणं नको असेल तर तसं लिही, मी वाईट वाटून घेणार नाही. घेईन, पण तुला दिसू देणार नाही.

पायाशी जागा असू दे.

तुझा भोंगा


वॉर्ड, शेवटची खोली
दि. १२ एप्रिल

चि. भोंगा यास अगदी मनापासून आशीर्वाद.

वेड्या, काही चुकलं नाही. मला काहीही झालेलं नाही. ताप नाही, सर्दी नाही, आज सकाळी दोनदा मागून खाल्लं. तू पळालास तेव्हा मला थांब म्हणायचं होतं, पण हुंदका आवरेना. म्हणून लिहायला बसले आहे. हे तुला समोर सांगण्यापेक्षा कागदावर सांगणं मला सोपं जाईल.

लिलाव चालू होता तोवर तू भोंगाच होतास, फक्त हळू. मग तू पडद्याचं विचारलंस. तोंड मास्कनं झाकलेलं, ओठ दिसत नव्हते, फक्त आवाज येत होता. दमली असशील, थोडं पड. भोंग्या, तो तुझा आवाज नव्हता. तो अण्णांचा होता.

आपले वडील गेले तेव्हा तू पाळण्यात होतास. तुला ते फोटोतच माहीत. मी मोठी होते, मला सगळं आठवतं, फक्त त्यांचा आवाज आठवेनासा झाला होता. जन्मभर सूर ओळखून पोट भरलं, पण हा एक सूर कितीही कान दिला तरी लागत नव्हता. आपल्या आईला जाऊनही आता किती काळ लोटला. जगात त्यांचा आवाज ओळखणारी मी एकटी उरले होते, आणि मीच तो विसरले होते. हे मी कुणाला कधी बोलले नाही. बोलून काय करणार होते?

ते कामावरून आले की पायरीवर बसून बूट सोडायचे आणि तसंच खाली, सावकाश बोलायचे. वाक्य संपवताना जरा थांबायचे आणि मग शेवटचा शब्द भरलेल्या पेल्यासारखा अलगद खाली ठेवायचे. परवा तू तेच केलंस, तसंच्या तसं. तुला ते कुणी शिकवलेलं नाही. तू ते कधी ऐकलेलंही नाहीस. इतकी वर्षं ते तुझ्या ओरडण्याखाली दबून होतं, आणि कुणाला, तुलाही, पत्ता नव्हता. मला एकदम नऊ वर्षांची झाल्यासारखं वाटलं. मी आनंदानं रडले, भोंग्या. इतका आनंद मला गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता.

मुंगीला सांग, तिनं तुला नापास केलं नसतं तर मला हे मिळालं नसतं. बाजारात खुशाल ओरड, तो तुझा धंदा आहे. पण रविवारी ये. मास्क नीट बसव, दाराशी बस, आणि तुला सुचेल ते बोल, मांजराचं, बर्फाचं, कशाचंही. आणि मी पुन्हा रडले, तर या वेळी उठून जाऊ नकोस. बोलत राहा.

वाट पाहणारी,
तुझी अक्का